नारिंगी छपराचा भरवसा : हॉवर्ड जॉन्सन उपाहारगृह-साखळीचा उदय आणि ऱ्हास (१९२५-२०२२)

प्रस्तावना

दळणवळणाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी रस्ते, पूल, लोहमार्ग आणि वाहने यांच्याभोवती फिरत आले आहे. प्रवासी वाटेत कोठे थांबत होता, काय खात होता आणि अनोळखी ठिकाणचे अन्न कोणाच्या भरवशावर तोंडात घालत होता, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिले. वास्तविक धर्मशाळा, सराया आणि पाणपोया यांचा विचार केल्याशिवाय जुन्या काळातील प्रवासाचे चित्र जसे पुरे होत नाही, तसेच रस्त्याकडेच्या उपाहारगृहांचा विचार केल्याशिवाय मोटारयुगातील प्रवासाचे चित्र पुरे होत नाही.

या दृष्टीने अमेरिकेतील 'हॉवर्ड जॉन्सन' या उपाहारगृह-साखळीचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका लहानशा औषधांच्या दुकानातून सुरू झालेला हा व्यवसाय १९६० च्या दशकात अमेरिकेतील सर्वांत मोठी उपाहारगृह-साखळी म्हणून ओळखला जाऊ लागला. नारिंगी रंगाचे उतरते छप्पर दिसले की गाडी थांबवावी, अशी सवय प्रवाशांच्या दोन-तीन पिढ्यांना लागली. तथापि १९७९ मध्ये ही कंपनी विकली गेली, १९८५ मध्ये तिचे विभाजन झाले आणि २०२२ मध्ये या नावाचे शेवटचे उपाहारगृहही बंद पडले.

या ऱ्हासाचे कारण सामान्यतः १९७३ च्या तेलसंकटात शोधले जाते. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या साखळीने वस्तुतः अन्नापेक्षाही भरवसा विकला. त्या भरवशाची निर्मिती कशी झाली, त्याच्या मर्यादा कोणत्या होत्या आणि तो कसा गमावला गेला, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने या साखळीच्या इतिहासाचे विवेचन पुढे केले आहे.

पार्श्वभूमी

रेल्वेच्या काळात अमेरिकन प्रवाशाच्या जेवणाचा प्रश्न काही अंशी सुटला होता. फ्रेड हार्वी यांनी १८७६ मध्ये टोपेका येथील रेल्वेस्थानकात उपाहारगृह सुरू केले आणि पुढे पश्चिमेकडील लोहमार्गांवर स्वच्छ व नियमित जेवणाची एक व्यवस्थाच उभी राहिली. गाडीचे वेळापत्रक ठरलेले असल्यामुळे प्रवासी कोठे आणि केव्हा उतरणार हे आधीच माहीत असे. अन्न तयार ठेवणे त्यामुळे सोपे होते.

मोटारीने ही निश्चिती संपुष्टात आणली. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' मोटार १९०८ मध्ये बाजारात आली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस देशातील नोंदणीकृत मोटारींची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली. आता प्रवासी हवे तेव्हा निघत होता आणि हवे तेथे थांबत होता. परंतु थांबण्याजोगी ठिकाणे मात्र थोडी होती. रस्त्याकडेच्या खानावळींची स्वच्छता बेभरवशाची होती. आज थांबलेला प्रवासी पुन्हा येईल याची खात्री नसल्यामुळे त्याला संतुष्ट करण्याचे कारणही मालकाला फारसे नसे. प्रवाशालाही पुढच्या खानावळीत काय मिळेल याची कल्पना नसे. लहान मुलांना घेऊन निघालेल्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी ही गोष्ट विशेष अडचणीची होती.

स्वच्छतेची हमी इमारतीच्या रूपातूनच देण्याचा एक प्रयत्न १९२१ मध्ये विचिटा येथे सुरू झालेल्या 'व्हाइट कॅसल' या साखळीने केला. तिची पांढरीशुभ्र लहान दुकाने सर्वत्र एकसारखी होती. मात्र तिचा ग्राहक मुख्यतः शहरातील नोकरदार व कामगार होता. शहरांना जोडणाऱ्या रस्त्यांवरील कुटुंबवत्सल प्रवाशाची गरज अद्याप भागलेली नव्हती.

स्थापना आणि फ्रँचायझी पद्धती (१९२५-१९४१)

हॉवर्ड डीअरिंग जॉन्सन (१८९७-१९७२) यांचा जन्म बोस्टन येथे झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकी सेवा करून परतल्यानंतर त्यांनी वडिलांच्या सिगारच्या व्यापारात लक्ष घातले. परंतु वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने कर्जच आले. १९२५ मध्ये त्यांनी उसनवारीने २,००० डॉलर उभे केले आणि क्विन्सी शहराच्या वोलस्टन भागातील औषधांचे एक दुकान घेतले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दुकानात सोडा व आइस्क्रीम मिळण्याची सोय होती. औषधांपेक्षा याच काउंटरवर गर्दी अधिक होते, हे जॉन्सन यांच्या लक्षात आले. त्यांनी आइस्क्रीममधील स्निग्धांश वाढवला, नैसर्गिक घटकांचा वापर केला आणि हळूहळू प्रकारांची संख्या २८ वर नेली. '२८ प्रकार' ही पुढे या साखळीची जणू मुद्राच बनली. उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यांवर आइस्क्रीमचे ठेले लावून त्यांनी व्यवसाय वाढवला.

१९२९ मध्ये क्विन्सीमध्ये त्यांचे पहिले पूर्ण उपाहारगृह सुरू झाले. त्याच वर्षी एक अनपेक्षित घटना घडली. यूजीन ओनील यांच्या 'स्ट्रेंज इंटरल्यूड' या नाटकाच्या प्रयोगास बोस्टनचे महापौर माल्कम निकोल्स यांनी बंदी घातली. नाट्यसंस्थेने प्रयोग क्विन्सी येथे हलवला. नाटक सुमारे पाच तासांचे असल्याने मध्ये जेवणासाठी सुट्टी ठेवावी लागे आणि बोस्टनहून आलेले सुखवस्तू प्रेक्षक जवळच्याच जॉन्सन यांच्या उपाहारगृहात जेवत. या योगायोगाने एका लहान शहरातील उपाहारगृहाचे नाव बोस्टनच्या प्रतिष्ठित वर्तुळात पोहोचले.

याच सुमारास शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. स्वतःचे भांडवल गुंतवून नव्या शाखा काढणे जॉन्सन यांना शक्य राहिले नाही. या अडचणीतूनच त्यांच्या व्यवसायाची पुढील रचना आकाराला आली. १९३५ मध्ये केप कॉड परिसरातील ऑर्लीन्स येथे रेजिनाल्ड स्प्रेग यांनी स्वतःच्या पैशातून उपाहारगृह उभारले. नाव, पदार्थ आणि आइस्क्रीम मात्र जॉन्सन यांचे होते. उपाहारगृह व्यवसायातील आधुनिक फ्रँचायझी पद्धतीच्या आरंभीच्या उदाहरणांत या कराराची गणना होते. १९३९ पर्यंत पूर्व किनाऱ्यावरील महामार्गांवर अशी १०७ उपाहारगृहे उभी राहिली आणि त्यांची वार्षिक उलाढाल सुमारे १ कोटी ५ लाख डॉलरवर गेली.

या पद्धतीचे मर्म समजून घेणे आवश्यक आहे. इमारत आणि जमीन स्थानिक मालकाची असे, परंतु माल जॉन्सन यांच्याकडूनच घ्यावा लागे. त्यांचे उत्पन्न मुख्यतः या मालविक्रीतून येई. पदार्थ मध्यवर्ती स्वयंपाकगृहांत तयार होत आणि गोठवून किंवा अर्धवट तयार स्थितीत शाखांकडे पाठवले जात. शाखेत अनुभवी आचाऱ्याची गरज फारशी उरत नसे. तळलेले क्लॅम, म्हणजे आपल्याकडील तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांतील मांस, हा न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरील स्थानिक पदार्थ होता. इप्सविच येथील सॉफ्रन बंधूंकडून पुरवठा घेऊन जॉन्सन यांनी तो समुद्र न पाहिलेल्या प्रवाशांपर्यंत नेला. ताट कसे वाढावे, कर्मचाऱ्यांनी कसे वागावे, टेबल कसे पुसावे याविषयीच्या नियमांची एक पुस्तिकाच होती. कंपनीत ती 'बायबल' म्हणून ओळखली जाई. जॉन्सन स्वतः पूर्वसूचना न देता शाखांची पाहणी करीत.

बाह्यरूपाची शिस्तही अशीच कडक होती. पांढऱ्या भिंती, नारिंगी छप्पर, छपरावर लहानसा मनोरा आणि वाऱ्याची दिशा दाखवणारे चिन्ह असलेली ही इमारत न्यू इंग्लंडमधील जुन्या घरांची आठवण करून देई. नारिंगी रंग मात्र परंपरेतला नव्हता. वेगाने जाणाऱ्या मोटारचालकाला दुरून दिसावे आणि गाडीचा वेग कमी करण्यास पुरेसा अवधी मिळावा, हा त्याचा हेतू होता. ओळखीचे घर आणि लांबून दिसणारी खूण या दोन गरजांचा मेळ या वास्तूत घातला गेला.

युद्ध, पथकर मार्ग आणि विस्तार (१९४०-१९६५)

ऑक्टोबर १९४० मध्ये पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा पथकर घेणारा द्रुतगती मार्ग वाहतुकीस खुला झाला. अशा मार्गावर प्रवेश आणि निर्गम ठरावीक ठिकाणीच असल्यामुळे प्रवाशाला मधेच बाहेर पडून जेवणे गैरसोयीचे होते. मार्गाच्या हद्दीतील उपाहारगृहे चालवण्याचा हक्क हॉवर्ड जॉन्सनला मिळाला. पुढे न्यू जर्सी, ओहायो यांसारख्या राज्यांतील पथकर मार्गांवरही या साखळीने असेच हक्क मिळवले. स्पर्धक शेजारी येऊच शकत नाही, अशी ही जागा होती.

दुसऱ्या महायुद्धाने या विस्तारास अचानक खीळ बसली. पेट्रोल आणि अन्नधान्य यांचे नियंत्रण सुरू होताच सहलीचा मोटारप्रवास जवळपास थांबला. १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत केवळ १२ उपाहारगृहे चालू राहिली. युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील कामगारांना आणि लष्करी प्रशिक्षणार्थींना जेवण पुरवून कंपनीने कसाबसा निभाव लावला. मोटारप्रवास थांबला की या व्यवसायाचा पायाच हलतो, हा इशारा युद्धकाळातच मिळालेला होता.

युद्धोत्तर समृद्धीत हा इशारा विस्मृतीत गेला. १९५४ पर्यंत ३२ राज्यांत सुमारे ४०० उपाहारगृहे झाली होती. त्यांपैकी साधारण दहा टक्के पथकर मार्गांवरील व कंपनीच्या मालकीची होती आणि नफ्याचे प्रमाण तेथेच सर्वाधिक होते. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे पहिले 'मोटर लॉज' सुरू होऊन मुक्कामाची सोयही झाली. १९५९ मध्ये संस्थापकांचे पुत्र हॉवर्ड ब्रेनन जॉन्सन यांच्याकडे अध्यक्षपद आले. तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. १९६१ मध्ये कंपनीचे भाग बाजारात विक्रीस आले. त्या वेळी ६०५ उपाहारगृहे आणि ८८ लॉज असा तिचा पसारा होता.

पदार्थांच्या दर्जाबाबत संस्थापकांची आस्था कमी झालेली नव्हती. १९६० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील 'ल पाव्हियाँ' या ख्यातनाम फ्रेंच उपाहारगृहातील प्रमुख पाकतज्ज्ञ पिएर फ्राने आणि त्यांचे तरुण सहकारी जाक पेपँ यांना मध्यवर्ती स्वयंपाकगृहात आणले. पेपँ यांना त्याच सुमारास केनेडी यांच्या व्हाइट हाउसमधील पाकगृहाचे काम देऊ करण्यात आले होते. ते नाकारून त्यांनी हॉवर्ड जॉन्सन पसंत केले. मार्गरीनऐवजी लोणी, सुकवलेल्या कांद्याऐवजी ताजा कांदा असे बदल करीत हजारो लोकांच्या जेवणाचा दर्जा एकसारखा कसा राखावा, याचे प्रयोग तेथे जवळजवळ दहा वर्षे चालले. १९६५ साली या साखळीची विक्री मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग आणि केंटकी फ्राइड चिकन या तिघांच्या एकत्रित विक्रीपेक्षा अधिक होती. १९६८ मध्ये प्रदर्शित झालेल्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातील अंतराळस्थानकातही या साखळीचे नाव झळकले. भविष्यातील प्रवासीसुद्धा येथेच थांबेल, असे त्या वेळी वाटणे स्वाभाविक होते.

भरवशाची सीमा : वंशभेदाचा प्रश्न

नारिंगी छपराखाली सर्वत्र सारखेच स्वागत होते, हे विधान सर्व प्रवाशांच्या बाबतीत खरे नव्हते. ज्या दशकात या छपरांची संख्या वाढू लागली, त्याच दशकात, म्हणजे १९३६ मध्ये, व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी न्यूयॉर्कमधून 'ग्रीन बुक' या मार्गदर्शिकेचे प्रकाशन सुरू केले. कृष्णवर्णीय मोटारचालकांना अपमान न होता कोठे जेवता आणि राहता येईल, याची यादी तीत असे. एका समाजाला दुरून दिसणारी खूण पुरेशी होती. दुसऱ्या समाजाला छापील यादी जवळ बाळगावी लागत होती.

ऑक्टोबर १९५७ मधील एका घटनेने ही विसंगती जगासमोर आली. त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतंत्र झालेल्या घाना या देशाचे अर्थमंत्री कोम्ला अग्बेली ग्बेडेमा हे डेलावेअर राज्यातील डोव्हर येथील हॉवर्ड जॉन्सन उपाहारगृहात थांबले. त्यांनी व त्यांच्या सचिवांनी संत्र्याचा रस मागितला. रस बाहेर नेता येईल, आत बसून पिता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. घानाच्या स्वातंत्र्यसोहळ्यास अमेरिकेचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन उपस्थित होते आणि ग्बेडेमा यांनी त्यांचे आतिथ्य केले होते. उपाध्यक्षांना आपल्या घरी जेवता येते, मग आपल्याला त्यांच्या देशातील रस्त्यावर अशी वागणूक का, असा त्यांचा प्रश्न होता. शीतयुद्धाच्या काळात नवस्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांचे मत महत्त्वाचे असल्याने अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ग्बेडेमा यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीसाठी निमंत्रित करून प्रकरण सावरले. परंतु जो सन्मान परराष्ट्राच्या मंत्र्याला मिळाला, तो देशातील सामान्य कृष्णवर्णीय नागरिकाला मिळाला नाही.

पुढे 'काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी' या संघटनेने १९६२ मध्ये महामार्गांवरील उपाहारगृहे सर्वांना खुली व्हावीत यासाठी 'फ्रीडम हायवेज' ही मोहीम हाती घेतली. हॉवर्ड जॉन्सन हे तिचे एक प्रमुख लक्ष्य होते. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम येथील शाखेसमोर १९६२ व १९६३ मध्ये मोठी निदर्शने झाली आणि शेकडो निदर्शकांना अटक झाली. अखेरीस २ जुलै १९६४ रोजी संमत झालेल्या नागरी हक्क कायद्याने उपाहारगृहांतील वंशभेद बेकायदेशीर ठरवला.

या घटनाक्रमातून एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. आइस्क्रीममधील स्निग्धांशापासून टेबल पुसण्याच्या रीतीपर्यंत प्रत्येक गोष्ट या साखळीने मध्यवर्ती नियमांनी बांधली होती. कोणाला आत बसू द्यावे, हा प्रश्न मात्र स्थानिक प्रथेवर सोडला होता. एकसारखेपणाचा आग्रह अन्नाबाबत होता, माणसांबाबत नव्हता. व्यापारी दृष्टीने सोयीची वाटलेली ही उदासीनता म्हणजे या साखळीच्या भरवशातील मूळचीच उणीव होती.

ऱ्हासाची कारणमीमांसा

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी अमेरिकेला होणाऱ्या तेलपुरवठ्यावर बंदी घातली. पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या, प्रवास घटला आणि महामार्गांवर अवलंबून असलेल्या या साखळीला मोठा फटका बसला. परंतु याच दशकात मॅकडोनाल्ड्ससारख्या साखळ्यांची वाढ चालूच राहिली. तेव्हा केवळ तेलसंकटावर बोट ठेवून भागत नाही. पुढील चार कारणांचा एकत्रित विचार करावा लागतो.

पहिले कारण रस्त्यांच्या रचनेतील बदलाचे आहे. १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने देशभर आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारण्यास सुरुवात झाली. या कायद्यानुसार नव्या महामार्गांच्या हद्दीत पेट्रोलपंप किंवा उपाहारगृहे उभारण्यास मनाई होती. आधीच्या पथकर मार्गांना यातून सूट मिळाली. परिणामी व्यवसाय महामार्गाबाहेर, उतारमार्गांच्या तोंडाशी गेला. तेथे जमीन घेईल त्याला दुकान काढता येत होते आणि प्रवाशाला एकाच चौकात चार-पाच नावे दिसत होती. पथकर मार्गांवरील मक्तेदारी नव्या जाळ्यात पुन्हा निर्माण करणे शक्य नव्हते.

दुसरे कारण खाण्याच्या पद्धतीतील बदलाचे आहे. हॉवर्ड जॉन्सनमध्ये टेबलावर वाढले जाई, पदार्थांची यादी लांबलचक असे आणि न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सर्व काही मिळे. त्यासाठी कर्मचारी अधिक लागत आणि वेळही अधिक जाई. रे क्रॉक यांनी १९५५ पासून वाढवलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या पद्धतीत पदार्थ मोजके होते आणि ग्राहक काउंटरवरून स्वतःच अन्न नेत असे. सर्वत्र एकसारखे अन्न ही जॉन्सन यांचीच कल्पना होती. स्पर्धकांनी ती अधिक वेगाने आणि अधिक स्वस्तात राबवली. १९३५ मध्ये दुर्मीळ असलेला भरवसा १९७५ पर्यंत प्रत्येक चौकात मिळू लागला होता.

तिसरे कारण मालकीच्या रचनेत आहे. आरंभी इतरांच्या भांडवलावर वाढलेल्या या कंपनीने पुढे उपाहारगृहे स्वतःच्या मालकीची ठेवण्यावर भर दिला. १९७९ मध्ये १,०४० उपाहारगृहांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कंपनीच्या मालकीची होती. तेजीच्या काळात त्यामुळे सर्व नफा कंपनीकडे आला. मंदीत सर्व भारही तिच्यावरच पडला. जुन्या होत चाललेल्या शेकडो इमारतींच्या नूतनीकरणासाठी मोठा खर्च करणे आवश्यक होते. तो पुरेसा झाला नाही.

चौथे आणि निर्णायक कारण खर्चकपातीचे आहे. संस्थापकांचे २० जून १९७२ रोजी निधन झाले. तेलसंकटानंतर कंपनीने कर्मचारी कमी केले आणि अन्नावरील खर्चालाही कात्री लावली. तात्पुरता नफा त्यामुळे सावरला; परंतु वाढण्यातील दिरंगाई, घसरलेला दर्जा आणि जुनाट अंतर्भाग यांविषयी प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या. येथे साखळीच्या रचनेतील एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एकाच नावाखाली हजार शाखा असल्या की एका शाखेतील चांगला अनुभव उरलेल्या सर्व शाखांची शिफारस करतो. त्याच न्यायाने एका शाखेतील वाईट अनुभव सर्व शाखांविरुद्ध साक्ष देतो. ज्या यंत्रणेने विश्वास देशभर पोहोचवला, त्याच यंत्रणेने अविश्वासही तितक्याच त्वरेने पोहोचवला. पथकर मार्गांवर अडकलेला ग्राहक नाइलाजाने येत राहिला आणि त्यामुळे हा अविश्वास हिशेबाच्या वह्यांत उशिरा उमटला.

विक्री, विभाजन आणि अखेर (१९७९-२०२२)

१९७९ मध्ये ब्रिटनमधील इंपीरियल ग्रुपने ६३ कोटी डॉलर देऊन कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो स्वीकारला गेला. तंबाखू, मद्य आणि खाद्यपदार्थ यांच्या व्यवसायातील या उद्योगसमूहाला १,०४० उपाहारगृहे आणि ५२० लॉज मिळाले. अपेक्षित सुधारणा मात्र झाली नाही. १९८५ मध्ये ही मालमत्ता सुमारे ३१ कोटी ४० लाख डॉलरना, म्हणजे जवळजवळ निम्म्या किमतीत, मॅरियट कंपनीला विकण्यात आली. १९२७ मध्ये वॉशिंग्टनमधील एका पेयविक्रीच्या दुकानापासून सुरू झालेली मॅरियट ही वास्तविक हॉवर्ड जॉन्सनच्याच पिढीतील संस्था होती. तिने लॉजचा व्यवसाय 'प्राइम मोटर इन्स'कडे सोपवला आणि कंपनीच्या मालकीची उपाहारगृहे स्वतःकडे ठेवली. मॅरियटला रस होता तो जागांमध्ये. मोक्याच्या ठिकाणची उपाहारगृहे 'बिग बॉय' आदी इतर नावांनी चालवण्यात आली आणि नारिंगी छपरे एकामागून एक नाहीशी झाली.

फ्रँचायझीधारक मात्र मागे उरले. त्यांच्या इमारती त्यांच्याच होत्या, पण त्यांना माल, जाहिरात आणि मार्गदर्शन देणारी मध्यवर्ती यंत्रणा नष्ट झाली होती. १९८६ मध्ये त्यांनी 'फ्रँचायझी असोसिएट्स' ही संस्था स्थापन करून उपाहारगृहांसाठी नाव वापरण्याचा हक्क मिळवला. तथापि मध्यवर्ती स्वयंपाकगृहांशिवाय आणि नव्या भांडवलाशिवाय ही साखळी सावरणे शक्य झाले नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील १९५९ पासूनचे उपाहारगृह जुलै २००५ मध्ये बंद झाले. न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथील २०१५ मध्ये, मेन राज्यातील बँगोर येथील सप्टेंबर २०१६ मध्ये आणि लेक जॉर्ज येथील शेवटचे उपाहारगृह २०२२ मध्ये बंद पडले. 'हॉवर्ड जॉन्सन' हे नाव आज विंडहॅम या आतिथ्य-व्यवसायातील कंपनीच्या हॉटेलांवर आढळते. ज्या अन्नामुळे त्या नावाला किंमत आली, त्या अन्नाशी आता त्याचा संबंध उरलेला नाही.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१) हॉवर्ड जॉन्सन साखळीचा उदय अनोळखी रस्त्यावरील प्रवाशाला खात्रीच्या अन्नाची असलेली गरज, भांडवलाच्या टंचाईतून सुचलेली फ्रँचायझी पद्धती आणि मालपुरवठ्यावरील मध्यवर्ती नियंत्रण यांच्या संयोगातून झाला.

२) पथकर मार्गांवरील हक्कांनी कंपनीला मोठा नफा दिला, परंतु ग्राहकाच्या असंतोषाची जाणीव वेळेवर होऊ दिली नाही. स्पर्धेपासूनचे संरक्षण तिच्या दुर्बलतेचे एक कारण ठरले.

३) एकसारखेपणाचे तत्त्व माणसांच्या प्रवेशास लागू न करता वंशभेदाच्या स्थानिक प्रथांशी तडजोड करण्यात आली. या साखळीच्या गौरवशाली आठवणींचा विचार करताना हा भाग वगळता येत नाही.

४) १९७३ च्या तेलसंकटाने ऱ्हासाचा वेग वाढवला. मूळ कारणे रस्त्यांची नवी रचना, स्पर्धकांची स्वस्त व जलद पद्धती, मालकीचा भार आणि दर्जाच्या मुळावर आलेली खर्चकपात ही होती.

युद्धाच्या काळात केवळ १२ उपाहारगृहे उरली असतानाही ही साखळी पुन्हा उभी राहिली, कारण प्रवाशांचा तिच्यावरील विश्वास शाबूत होता. १९८५ मध्ये शेकडो उपाहारगृहे हाती असूनही ती उभी राहू शकली नाही. इमारतींच्या आणि शाखांच्या संख्येवरून एखाद्या संस्थेचे बळ मोजण्याची सवय सर्वत्र आढळते. ते मोजमाप किती अपुरे असते, हे या साखळीच्या इतिहासातील १९४४ आणि १९८५ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिल्यास स्पष्ट होते.